साहेबाचा जाच आणि सरकारी दारं : मराठवाड्यातल्या नोकरदारासाठी सहा सेवांची पारख

वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याचे कारखाने, जालन्यातल्या सळईच्या मिला, लातूरचे क्लासेस, नांदेड-परभणीतल्या खाजगी शाळा, दवाखाने, गाड्यांच्या शोरूम. कामं वेगवेगळी, पण जाचाची तऱ्हा सगळीकडं एकच. चारचौघांत शिव्या. पाळी संपल्यावर फुकट थांबवणं. थोडा उशीर झाला की अर्धा खाडा. रजा मागितली की "मग कायमचाच घरी बस", आणि राजीनामा दिला की शेवटचा पगार अडकवून ठेवणं. याच्याविरुद्ध वापरता येतील अशा फुकट सेवा सरकारनं उभ्या केलेल्या आहेत. पीएफची तक्रार सोय, कामगार कार्यालय, ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा), लैंगिक छळाविरुद्धच्या समित्या, टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण या सहा सेवांची पारख इथं केली आहे. कोणत्या दारात काय मिळतं, काय मिळत नाही आणि माणसं कुठं अडकतात, एवढंच पाहायचं आहे.

साहेबाचा स्वभाव बदलून देणारी सेवा यांत एकही नाही. नुसतं खेकसणं, टोमणे मारणं, मुद्दाम बोलणं बंद करणं यांवर थेट बोट ठेवणारं कलम कामगार कायद्यात सापडत नाही. कायद्याची पकड बसते ती पगार, कामाचे तास, कपात, पीएफ, बाईमाणसाशी केलेलं वर्तन आणि जातीवरून केलेली शिवीगाळ यांवर. तुमच्या जाचातला जो भाग रुपयांत, तासांत किंवा तारखेत मांडता येतो, तिथंच ही दारं उघडतात. कामगार अधिकाऱ्यासमोर "साहेब लई त्रास देतात" एवढंच सांगणारा माणूस रिकाम्या हातानं परततो. "मे महिन्यात अकरा दिवस पंच मारून घेतल्यावर दोन-दोन तास थांबवलं, हे घ्या दिवस" असं म्हणणाऱ्याचा अर्ज मात्र घेतला जातो.

म्हणून पहिली खरेदी एका दोनशे पानी वहीची. शिवलेली वही घ्या, सुटे कागद नकोत. सुट्या कागदावर "हे मागून लिहिलं" असा आरोप लगेच होतो. नोंद त्याच दिवशी करायची. एक नमुना देतो:

"९ जुलै. पहिली पाळी. पंच ३.३० ला मारायला लावला. थांबवलं ५.४५ पर्यंत. जागा: पॅकिंग लाइन २. कारण: १४ नग रिजेक्ट. साहेबांचे शब्द: 'उद्यापासून गेटच्या आत दिसू नको.' समोर: दोन हेल्पर, क्वालिटीचा एक जण. नंतर: ३.४५ ची बस चुकली, ६.३० च्या बसनं घरी."

यात कुठंही "अपमान झाला", "वाईट वाटलं" आलेलं नाही, तरी झालं ते सगळं दिसतं. शिवी दिली असेल तर तीच शिवी लिहा, सभ्य करू नका. "अपमानास्पद भाषा वापरली" या वाक्यावरून चौकशी करणाऱ्याला काहीच कळत नाही. मनातला संताप लिहायचा असेल तर तो दुसऱ्या वहीत लिहा. तोही लिहिलाच पाहिजे, पण पुराव्याच्या वहीत तो मिसळला की समोरचा वकील नेमकं तेच पान उघडतो.

मोबाइलचं थोडं सांभाळून. बऱ्याच कारखान्यांत फोन गेटवरच जमा होतो, तेव्हा वहीवरच भिस्त ठेवावी लागते. जिथं सुपरवायझर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हुकूम सोडतो, तिथं स्क्रीनशॉट घेताना तारीख आणि समोरच्याचा नंबर दिसला पाहिजे. नुसतं सेव्ह केलेलं नाव पुरत नाही. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या खाजगी ईमेलवर पाठवा. कंपनीचा ईमेल नोकरी सुटली त्याच दिवशी बंद होतो. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्यात ज्या उपकरणातून पुरावा आला त्याची माहिती द्यावी लागते. उपकरणच राहिलं नाही तर सगळं लंगडं पडतं. कंपनीची ड्रॉइंगं, ग्राहकांच्या याद्या, इतरांच्या पगाराच्या फायली यांना हात लावू नका. तुमच्यावर गैरवर्तनाची नोटीस काढायला साहेबाला तेवढंच हवं असतं.

आता सेवा. सहांत सगळ्यात धारदार पीएफची आहे. वरवर पाहता पीएफचा आणि जाचाचा काय संबंध, असं वाटेल. पण जिथं माणसाला दाबलं जातं तिथं बऱ्याचदा त्याचा पैसाही दाबलेला असतो, आणि पैशाची नोंद दर महिन्याला मालकाच्याच हातानं झालेली असते. ती नाकारायची सोय त्याला उरत नाही. सरकारच्या उमंग अ‍ॅपमध्ये ईपीएफओ (पीएफ सांभाळणारी संस्था) निवडून पासबुक उघडा. त्यासाठी यूएएन (पीएफ खात्याचा तुमचा कायमचा क्रमांक) चालू केलेला हवा आणि आधारला जोडलेला मोबाइल तुमच्याच हातात हवा. इथंच पहिली मेख असते. कित्येकांचं आधार गावाकडच्या जुन्या, बंद पडलेल्या नंबरला जोडलेलं असतं. आधी आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घ्या, त्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. नुसती शिल्लक पाहायची असेल तर नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल द्या, मेसेज येतो.

पासबुकात दर महिन्याच्या ओळीत तीन आकडे असतात. समजा पीएफ ज्यावर कापतात तो पगार १२,००० आहे. तुमच्या पगारातून १२ टक्के म्हणजे १,४४० कापले पाहिजेत. मालकानंही तेवढेच भरायचे असतात, फक्त त्यांचे दोन भाग होतात: ८.३३ टक्क्यांप्रमाणे १,००० पेन्शनकडं आणि उरलेले ४४० तुमच्या खात्यात. पगारस्लिप आणि पासबुक शेजारी ठेवून एकेक महिना पेन्सिलीनं टिंब करत तपासा. मालकाच्या वाट्याची रक्कमही तुमच्याच पगारातून कापलेली आहे का, हेही बघा. हा प्रकार गुत्तेदाराकडं फार चालतो आणि तो सरळ बेकायदेशीर आहे.

एखादा महिना रिकामा दिसला की लगेच धावू नका. पैसे भरायची मुदत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत असते, आणि पासबुकात चढायला त्यानंतर काही दिवस जातात. जूनचा हप्ता जुलैअखेरपर्यंत दिसला नाही तर मात्र तक्रार करा. तक्रारीच्या पोर्टलचं नाव ईपीएफआयजीएमएस. तिथं पीएफ सदस्य हा पर्याय, मग यूएएन, ओटीपी, आस्थापना, तक्रारीचा प्रकार, आणि शेवटी मजकूर व पीडीएफ. मजकूर चार ओळींचा पुरे: "एप्रिल ते जून या तीन महिन्यांत माझ्या पगारातून दरमहा १,४४० रुपये कापले. पासबुकात तिन्ही महिने नोंद नाही. पगारस्लिप व बँक स्टेटमेंट जोडले आहे. रक्कम वसूल करून खात्यात जमा करावी." साहेब कसा आहे, हे इथं लिहू नका. तो मजकूर वाचायला तिथं कोणी बसलेलं नाही, आणि त्यानं तक्रार पातळ होते. तीन महिन्यांची तक्रार एकाच अर्जात करा. दर महिन्याला वेगळा अर्ज टाकला की एक बंद करताना बाकीचेही बंद होतात.

पोर्टलचा दोष असा की "मालकाला कळवलं आहे" एवढं उत्तर लिहूनही तक्रार निकाली काढली जाते. अशा वेळी नोंदणी क्रमांक सांगून पुन्हा तक्रार टाका, आणि कागदांची फाइल घेऊन "निधी आपके निकट" शिबिराला जा. हे शिबिर जिल्ह्याजिल्ह्यात महिन्याच्या २७ तारखेला भरतं. समोर अधिकारी बसलेला असला की फाइल हलते. बोलताना एक गोष्ट शांतपणे सांगा: पगारातून कापलेला पीएफ न भरणं हा नुसता उशीर समजला जात नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये तो विश्वासघाताच्या व्याख्येत येतो. तुम्ही गुत्तेदाराकडं असाल आणि त्यानं पैसे भरले नसतील, तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते. म्हणून तक्रारीत दोघांचीही नावं लिहा. तुमचं नाव कंपनीपर्यंत पोचणार हे धरूनच चाला. चार-पाच जणांनी मिळून त्याच आठवड्यात तक्रारी टाकल्या तर एकट्यावर रोख येत नाही.

नोकरी सोडलेल्यांना अडकवायची आणखी एक युक्ती आहे: "डेट ऑफ एक्झिट", म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख, भरायचीच नाही. ती भरल्याशिवाय पूर्ण पैसे काढता येत नाहीत, म्हणून माणूस पुन्हा साहेबाच्या दारात उभा राहतो. त्याची गरज नाही. शेवटच्या हप्त्याला दोन महिने झाले की सदस्य पोर्टलवर मॅनेज, मग मार्क एक्झिट असं जाऊन आधार ओटीपीनं तारीख स्वतः टाकता येते. शेवटचा दिवस दोनदा तपासून टाका, कारण एकदा टाकलेली तारीख नंतर सहज बदलत नाही.

कामगार कार्यालयाचं काम पीएफपेक्षा संथ चालतं, पण पगारासाठी दार तेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत, आणि त्यांतली वेतन संहिता जाचलेल्या माणसाच्या सगळ्यात कामाची आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. काढून टाकलं किंवा राजीनामा दिला तर राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत. जादा कामाला दुप्पट दर. दंड लावायचाच तर महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर नाही, आणि तोही तुम्हाला म्हणणं मांडायची संधी दिल्यावरच. मागणी करायला तीन वर्षांची मुदत आहे. क्लासमधले शिक्षक, शोरूमचे मॅनेजर, दवाखान्यातले प्रशासक यांना "तुम्ही कामगार नाही, तुम्हाला कायदा लागू नाही" असं सांगून परत पाठवलं जातं. कामगार आणि मालक यांच्यातल्या वादाच्या कायद्यापुरतं ते पुष्कळदा खरंही असतं. पण वेतन संहितेत "कर्मचारी" या शब्दात देखरेख करणारे, व्यवस्थापन करणारेही येतात. थकलेल्या पगारासाठी त्यांनाही दार उघडं आहे, हे छातीठोकपणे सांगा.

उशिराची कपात हा तर अगदी रोजचा विषय आहे, म्हणून तो नीट मांडून पाहू. समजा रोज ५२० रुपये आणि पाळी आठ तासांची. तासाला ६५ रुपये झाले. अर्धा तास उशीर झाला तर कपात साडेबत्तीस रुपयांची. साहेब अर्धा खाडा मांडतो म्हणजे २६० रुपये कापतो, २२७ रुपये ५० पैसे जास्त. गैरहजेरीची कपात गैरहजर राहिलेल्या वेळाच्या प्रमाणातच असली पाहिजे, असा नियम आहे. महिन्यात चार वेळा असं झालं तर ९१० रुपये. हा आकडा तारखांसह कागदावर आला की अर्ज मजबूत होतो. "उशीर झाला की कापतात" असं लिहिलं तर अधिकारी तुम्हालाच विचारतो, "उशीर काहून करता?"

अर्ज दोन प्रतींत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. ही पोच नसेल तर महिन्याभरानं तुमचा अर्ज तिथं कधी आलाच नव्हता, असं ऐकायला मिळतं. आस्थापनेचं नाव गेटवरच्या पाटीवर असतं तसंच्या तसं, एमआयडीसीतला प्लॉट नंबर, गुत्तेदाराचं नाव, तुमचा टोकन किंवा कर्मचारी क्रमांक. वाळूजला एकाच मालकाच्या सारख्या नावाच्या तीन-तीन कंपन्या असतात. चुकीच्या कंपनीच्या नावानं नोटीस गेली की "हा आमचा माणूसच नाही" असं उत्तर येतं आणि दोन महिने वाया जातात. पगारस्लिपवरचं नाव आणि बँकेत पगार टाकणाऱ्याचं नाव जुळवून घ्या. न जुळलं तर दोन्ही लिहा. सुनावणीला मालकाकडून माणूस आला नाही म्हणून तुम्हीही पुढच्या वेळी जायचं टाळू नका. दोन तारखा तुम्ही चुकवल्या की फाइल खाली जाते.

कोऱ्या कागदावर किंवा आधीच टाइप केलेल्या राजीनाम्यावर सही मागितली तर सही न करता बाहेर या. करावीच लागली, तर त्याच दिवशी "दबावाखाली सही घेतली, मी राजीनामा दिलेला नाही" असं पत्र कंपनीच्या पत्त्यावर पाठवा. २०२५ मध्ये टपाल खात्याचं रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टानं पाठवून पोचल्याचा पुरावा मागून घ्या. आठ दिवसांनी पाठवलेल्या पत्राला निम्मीच किंमत उरते.

ईएसआयसीबद्दल थोडक्यात. ज्यांच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, त्यांनी ही कपात वाया चाललेली समजू नये. साहेब आजारपणाची रजा देत नसेल तर ईएसआयसीच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र हे त्याच्या मर्जीपलीकडचं कागदपत्र आहे. आजारपणाच्या लाभात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, त्यासाठी आधीच्या अंशदान काळात किमान ७८ दिवस भरलेले हवेत. एप्रिल ते सप्टेंबर भरलेल्याचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये आणि ऑक्टोबर ते मार्चचा लाभ जुलै ते डिसेंबरमध्ये. गुत्तेदार मधेच काही दिवस कामावरून बंद करून ब्रेक देतो तेव्हा नेमके हेच ७८ दिवस तुटतात. झोप उडणं, छातीत धडधड, पोटाचं दुखणं कामाच्या ताणातून आलं असेल तर डॉक्टरला तसं सांगा, म्हणजे केसपेपरवर ते येईल.

बायकांच्या बाबतीत लैंगिक छळ असेल तर २०१३ चा कायदा ही वेगळी आणि ठोस वाट आहे. कागदावर ही सेवा सहांतली सगळ्यात नीट बांधलेली. प्रत्यक्षात ती कशी चालेल हे समितीवर अवलंबून असतं, म्हणून समिती आधी तपासा. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरच्या पदावरची महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि बाहेरची एक व्यक्ती. समितीच्या सदस्यांची नावं दर्शनी जागी लावणं बंधनकारक आहे. नावं लावलेली नसतील तर फलकाचा किंवा रिकाम्या भिंतीचा फोटो घेऊन ठेवा. समितीच केली नाही तर मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तालुक्याला त्यासाठी नोडल अधिकारी असतो, त्यानं सात दिवसांत तक्रार समितीकडं पाठवायची असते. कंधार, वसमत, केजसारख्या ठिकाणच्या बाईला जिल्ह्याला पहिला हेलपाटा मारायची गरज नाही, ही या कायद्यातली फार चांगली सोय. घरकामाच्या बायका, शिकाऊ मुली, कंत्राटी नर्स, सगळ्या यात येतात.

तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. सहा प्रती, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. एकच प्रत दिली म्हणून तक्रार कोपऱ्यात पडल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा सहा प्रतींचे झेरॉक्सचे पैसे वाचवू नका. सात कामकाजाच्या दिवसांत प्रत समोरच्याला जाते, त्याला उत्तराला दहा कामकाजाचे दिवस. चौकशी ९० दिवसांत, अहवाल त्यानंतर दहा दिवसांत, आणि मालकानं ६० दिवसांत कारवाई. चौकशी चालू असताना तुमची किंवा त्याची बदली आणि तीन महिन्यांपर्यंतची रजा मागता येते. ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. म्हणून पहिल्याच अर्जाच्या शेवटी ती मागणी लिहा. दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही. साहेबासोबत कंपनीचा वकील "फक्त बसायला" आला तर तिथंच लेखी हरकत घ्या.

या सेवेची सगळ्यात नाजूक जागा म्हणजे समझोता. "घराण्याची अब्रू", "पोरीचं लग्न व्हायचं आहे" असं सांगून तडजोड गळ्यात मारतात. तडजोड फक्त तक्रार करणाऱ्या बाईनंच मागितली तर करता येते आणि तिच्यात पैशाची देवाणघेवाण चालत नाही. समितीतल्या कोणी "किती घेऊन मिटवता" असं विचारलं तर तो प्रश्न तारखेसह वहीत लिहा. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीचं केंद्र सरकारचं शी-बॉक्स पोर्टल २९ ऑगस्ट २०२४ ला नव्यानं सुरू झालं. तिथं टाकलेली तक्रार संबंधित समितीकडं जाते आणि तिची स्थिती पाहता येते. समितीनं तक्रार घ्यायलाच नकार दिला तर ही वाट चांगली. एरवी हातानं देऊन पोच घेतलेला कागद जास्त भक्कम.

लोकांसमोर जातीवरून शिवीगाळ झाली असेल तर समितीत किंवा कामगार कार्यालयात वेळ घालवू नका. ते थेट पोलीस ठाण्याचं काम आहे, अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली. ठाण्यात टाळाटाळ झाली तर १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

आता टेलिमानस. १४४१६ हा नंबर, दिवसरात्र, फुकट, मराठीत. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फोन लावल्यावर भाषा निवडायची, मग समुपदेशक बोलतो. गरज वाटली तर तो पुढं मानसोपचार तज्ज्ञाकडं जोडतो किंवा जिल्हा रुग्णालयाचं, वैद्यकीय महाविद्यालयाचं नाव सांगतो. छत्रपती संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयातला मानसोपचार विभाग त्यांत येतो. कायद्याचा सल्ला इथं मिळत नाही, साहेबाशी कोणी बोलत नाही, आणि या कॉलचा पुरावा म्हणूनही उपयोग नाही. मग ही सेवा कशाला? तर जाच सोसणारा माणूस रात्री अडीच वाजता छताकडं बघत पडलेला असतो, तेव्हा उघडं असलेलं हे एकच दार आहे. त्या वेळेला त्याची किंमत बाकी पाचांपेक्षा जास्त आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

फोन करताना दोन-तीन गोष्टी पाळल्या तर जास्त उपयोग होतो. कंपनीच्या खोलीवर, भिंतीपलीकडं सहकारी असताना बोलू नका, माणूस अर्धंच सांगतो. सुरुवातीलाच सांगा की कामाच्या ठिकाणचा ताण आहे, किती आठवडे झाले, झोप किती तास लागते, जेवण कसं आहे, दारू वाढली आहे का. दर वेळी तोच समुपदेशक मिळेलच असं नाही. म्हणून आधीच्या कॉलची तारीख आणि त्यात ठरलेलं एक-दोन ओळींत लिहून ठेवा, नाहीतर निम्मा कॉल पहिल्यापासून सांगण्यात जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये कामातून येणारा बर्नआउट तीन खुणांनी मांडला: अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामाविषयी मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्याकडून काही नीट होत नाही असं वाटणं. संघटनेनं त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या जागेशी जोडलेली अवस्था म्हटलं आहे. ज्याला घरात "तूच कमजोर आहेस" असं ऐकावं लागतं, त्यानं हे लक्षात ठेवावं. जीव नकोसा वाटत असेल तर वही, पासबुक, अर्ज सगळं बाजूला ठेवा आणि आधी हा फोन लावा, घरातल्या एकाला जागं करून शेजारी बसवा.

शेवटचं दार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं, जिल्हा न्यायालयाच्या आवारात. फोनवरून १५१००. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील फुकट मिळतो. बाकी बहुतेकांना वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा लागते. हे फार कमी लोकांना माहीत आहे, त्यामुळं लोक सावकाराकडून पैसे काढून खाजगी वकील लावतात, हे बघून वाईट वाटतं. क्लास आणि खाजगी संस्थांमध्ये रुजू होताना मूळ गुणपत्रिका, टीसी ठेवून घ्यायची पद्धत आहे. पगार खात्यात टाकून निम्मा रोखीनं परत घेणंही चालतं. अशा ठिकाणी पहिली पायरी म्हणून प्राधिकरणाच्या वकिलाची नोटीस हे चांगलं हत्यार आहे. परत दिलेल्या रोखीचा पुरावा म्हणजे पगार जमा झाल्याच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी ठरावीक रक्कम एटीएममधून काढल्याची नोंद. सहा महिन्यांच्या बँक स्टेटमेंटवर त्या ओळी पिवळ्या शाईनं रंगवून न्या.

मान्यताप्राप्त खाजगी शाळेतल्या शिक्षकांचं वेगळं आहे. नोकरीवरून काढलं तर १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणात ३० दिवसांच्या आत अपील करावं लागतं. संस्थाचालक "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून नेमके हेच तीस दिवस घालवतात. आदेश हातात पडला त्या आठवड्यातच प्राधिकरण गाठा.

या सेवेतली अडचण अशी की यादीवरचा वकील फौजदारी किंवा जमिनीच्या दाव्यांचा असू शकतो. अर्जात "कामगार किंवा सेवाविषयक प्रकरणं चालवणारे वकील द्यावेत" असं लिहा. दिलेले वकील तारखांना येत नसतील तर सचिवांकडं लेखी अर्ज करून बदलून मागता येतात. लोकअदालतीत मिटवायचा प्रस्ताव आला तर आकडा नीट ठरवून मगच हो म्हणा, कारण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. पहिल्या भेटीला जाताना आधार, नेमणूक पत्र किंवा ओळखपत्र, सहा महिन्यांच्या पगारस्लिपा, बँक स्टेटमेंट, पीएफ पासबुकाची प्रिंट, आधी दिलेल्या अर्जांच्या शिक्क्याच्या प्रती आणि ती दोनशे पानी वही, सगळ्याचे दोन-दोन संच न्या. मूळ वही कोणाच्याही हाती सोडू नका, दाखवा आणि पिशवीत परत ठेवा.